संकरातून जन्मलेली जाती

एखाद्या जातीचे जातिपण कशावर उभे असते, आणि तिच्या वंशात दुसरा वंश मिसळला तर ते लोप पावते की निराळे रूप घेते, हा प्रश्न भारतीय विचारात दोन वाटांनी आलेला आहे. धर्मशास्त्राने तो कुळ, विवाह आणि वर्ण यांच्या संदर्भात विचारला, तर न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी तो ‘सामान्य’ नावाच्या पदार्थाच्या, म्हणजे अनेक व्यक्तींत एकरूपाने राहणाऱ्या आणि व्यक्ती नाहीशा झाल्या तरी नाश न पावणाऱ्या धर्माच्या, संदर्भात विचारला. दोन्ही वाटांवर संकर हा दोष ठरला. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन युद्ध नाकारताना जी कारणे देतो, त्यांत कुलक्षयातून ओढवणारा वर्णसंकर हे सर्वांत भयंकर कारण आहे. आणि ती खचलेल्या योद्ध्याची भाषा होती असे म्हणून या भयाचा निकाल लावता येत नाही, कारण तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णही आपण कर्म सोडले तर संकराचे कर्तेपण आपल्याकडे येईल असे सांगतो. मनुस्मृतीचा दहावा अध्याय तर संकरातून निर्माण झालेल्या म्हणून सांगितलेल्या जातींची लांबलचक मोजदाद करतो. या साऱ्या विवेचनाच्या तळाशी एक गृहीत आहे, आणि ते उघडपणे क्वचितच मांडले जाते: निसर्गात जाती मुळातच वेगळ्या व अमिश्र आहेत, गाईच्या पोटी गाय आणि घोडीच्या पोटी घोडाच येतो, म्हणून अमिश्रता ही सृष्टीची रीत आणि मिश्रण हा तिचा भंग होय. हे गृहीत तपासण्यासाठी अमेरिका खंडातील एका सरड्याचा, आणि त्याच्याशी या बाबतीत नाते सांगणाऱ्या खानदेशच्या काळ्या मातीतील एका लहानग्या सापाचा, विचार फार उपयोगी पडतो.

इंग्रजीत ‘व्हिपटेल’, म्हणजे चाबकासारख्या शेपटीचे, म्हणून ओळखले जाणारे सरडे टेइडी या कुळातील असून ते फक्त अमेरिका खंडांत आढळतात. अंग सडपातळ, पाठीवर बहुधा लांब उभे पट्टे, शेपटी धडाहून बरीच मोठी, उन्हात चपळ हालचाल आणि कीटकांचा आहार, एवढे वर्णन त्यांच्या बहुतेक जातींना लागू पडते. यांपैकी डझनाहून अधिक जातींत नर मुळीच नसतात. मादी नराशिवाय अंडी घालते, त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच निघतात, आणि प्रत्येक मुलगी जनुकांच्या दृष्टीने आईची जवळजवळ हुबेहूब प्रत असते. शुक्राणूच्या संयोगावाचून अंड्यापासून जीव निर्माण होण्याच्या या क्रियेला अनिषेकजनन म्हणतात. पृष्ठवंशी प्राण्यांची एखादी संपूर्ण जातीच अशा रीतीने चालू शकते, हे सरड्यांच्या बाबतीत प्रथम १९५८ साली इल्या दारेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने आर्मेनियातील खडकांवर राहणाऱ्या सरड्यांच्या अभ्यासातून मांडले, आणि पुढच्या काही वर्षांतच अमेरिकेतील व्हिपटेल सरड्यांबाबतही तेच सिद्ध झाले. दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील अशी एक केवळ माद्यांची जाती, निमिडोफोरस क्रिप्टस, १९९३ साली वेगळी म्हणून नोंदवली गेली. तोवर ती दिसायला सारख्या असलेल्या, पण नर आणि मादी दोन्ही असणाऱ्या नातलग सरड्यांतच गणली जात होती.

या जातींच्या उत्पत्तीचा शोध घेता असे आढळले की, त्या एकाच जातीतील माद्यांनी नरांना सोडून दिल्यामुळे निर्माण झालेल्या नाहीत. दोन वेगळ्या जातींच्या नर-मादीच्या मीलनातून त्या जन्मल्या आहेत. न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्याने २००३ साली आपला राज्य-सरीसृप म्हणून निवडलेला व्हिपटेल हा अशाच दोन द्विलिंगी जातींचा संकर असून त्याच्या प्रत्येक पेशीत एका जातीचा एक आणि दुसऱ्या जातीचा एक असे गुणसूत्रांचे दोन संच नांदतात. सामान्यतः संकरज प्राण्यात हे दोन संच एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि तो खेचराप्रमाणे वांझ राहतो. या सरड्यांत अडचणीचा परिहार कसा होतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. अंडे तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी व्हावयाची असते. येथे ती निम्मी होण्यापूर्वीच एकदा दुप्पट होते, आणि मग प्रत्येक गुणसूत्र परक्या जोडीदाराशी न जुळता स्वतःच्याच प्रतीशी जुळते. त्यामुळे मूळच्या दोन जातींतील भेद पुढच्या पिढ्यांत घुसळला जात नाही, पुसलाही जात नाही. पहिल्या संकराच्या क्षणी जी दोन कुळे एकत्र आली, ती दोन्ही शेकडो पिढ्यांनंतरच्या मुलीतही तशीच्या तशी शेजारी शेजारी उभी असतात.

धर्मचिंतकाने थांबून विचार करावा असे स्थळ हेच आहे. आईकडून मुलीकडे, परक्या बीजाचा स्पर्शही न होऊ देता, ज्या वंशाने आपली परंपरा जगातील कोणत्याही राजकुळाहून वा पुरोहितकुळाहून कडक जपली, तो वंशच मुळात संकराचे अपत्य आहे. येथे अमिश्रता आरंभी नाही. ती मिश्रणानंतर आलेली आहे, आणि मिश्रण झाले नसते तर ती आलीच नसती.

हा प्रकार दूरच्या खंडापुरता मर्यादित नाही. जळगाव जिल्ह्यात दक्षिणेचे अजिंठ्याचे डोंगर आणि उत्तरेचे तापी-पूर्णेचे खोरे यांच्या मधल्या पट्ट्यात बोदवड वसलेले आहे, आणि तेथील काळ्या मातीत, शेणखताच्या ढिगाखाली, कुंडीच्या बुडाशी किंवा पहिल्या पावसानंतर ओल्या अंगणात जो गांडुळासारखा दिसणारा काळपट तपकिरी, चकचकीत साप आढळतो, तो वाळा याच रीतीने वंश चालवतो. भारतभर मिळणारा हा साप वीतभरही लांब नसतो, त्याचे डोळे खवल्याखाली दडलेल्या दोन ठिपक्यांएवढे असतात, तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे, आणि मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे त्याचे अन्न आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दोदँ याने १८०३ साली त्याला ‘ब्रामिनस’ असे जातिनाम दिले. आजवर तपासलेले वाळे माद्याच निघाले आहेत, आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असल्याचे दिसून आले. अशी त्रिगुणित स्थिती आणि नराचा अभाव ही दोन्ही चिन्हे एकत्र आली की संकरज उत्पत्तीचाच संशय प्रथम येतो, आणि वाळ्याच्या बाबतीतही अभ्यासकांचा कल त्याच बाजूला आहे. रोपांच्या मातीतून वाहून जाऊन हा साप आज जगाच्या बहुतेक उष्ण प्रदेशांत पोहोचला आहे. नवी वसाहत करायला एकटी मादी पुरते, हे त्या प्रसाराचे उघड कारण होय.

धर्मशास्त्रातील ज्या सिद्धांताला या जीवांमुळे पहिला धक्का बसतो तो बीज आणि क्षेत्र यांचा सिद्धांत होय. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हणजे शेत आणि पुरुषाला बीज म्हटले असून, दोहोंत बीज श्रेष्ठ, कारण उगवणारे रोप बीजाची लक्षणे घेऊन येते, असा युक्तिवाद केला आहे. दहाव्या अध्यायात मात्र कोणी बीजाची, कोणी क्षेत्राची, तर कोणी दोहोंची थोरवी गातात अशी मतभिन्नताही नोंदवलेली आहे, आणि ही नोंद त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनुलोम आणि प्रतिलोम विवाह, म्हणजे पुरुष वरच्या वर्णाचा असलेला आणि स्त्री वरच्या वर्णाची असलेला विवाह, यांत जी भयंकर असमानता शास्त्रकारांनी मानली तिचा तात्त्विक आधार बीजाच्या या श्रेष्ठत्वात आहे. वाळ्याच्या वंशात बीज नाहीच. क्षेत्रच आपले रोप आपल्यातून उगवते, आणि त्या रोपात कोणतीही उणीव राहत नाही. व्हिपटेलच्या एका जातीत तर एक मादी दुसरीशी नरासारखे वर्तन करते, त्या वर्तनाने दुसरीच्या अंड्यांची निपज वाढते, असे १९८० नंतरच्या प्रयोगांनी दाखवले. बीज मात्र त्या संगतीत कोणीच कोणाला देत नाही. बीज हेच वंशाचे सत्त्व असा निसर्गाचा नियम आहे, हे विधान त्यामुळे सर्वत्र खरे राहत नाही, आणि जो नियम सर्वत्र खरा नाही त्याच्यावर स्त्री-पुरुषांच्या विषम दंडाची इमारत उभी करणे न्याय्य ठरत नाही.

दर्शनांच्या वाटेवरचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. न्यायसूत्रांच्या मते जाती म्हणजे भिन्न व्यक्तींच्या ठायी समान बुद्धी उत्पन्न करणारा धर्म. अनेक गाईंकडे पाहून ‘ही गाय, हीही गाय’ अशी एकाकार प्रतीती येते तिचे कारण गोत्व ही जाती. पण प्रत्येक समान धर्माला जाती म्हणता येत नाही, हे दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी सहा जातिबाधक सांगून स्पष्ट केले, आणि त्या सहांत संकर हा एक आहे. त्यांचा अर्थ वंशमिश्रणाचा नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण दोन अर्थांची सरमिसळ झाली तर सगळा विचार फसतो. दोन धर्म कुठे कुठे एकमेकांना सोडून राहतात आणि कुठे एकत्रही येतात, तर त्या दोहोंना जाती मानता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे: भूतत्व आकाशात आहे पण तेथे मूर्तत्व नाही, मूर्तत्व मनात आहे पण तेथे भूतत्व नाही, आणि पृथ्वीत मात्र दोन्ही आहेत, म्हणून हे दोन्ही उपाधी, म्हणजे बाहेरून लावलेले धर्म, ठरतात. जाती एकीच्या पोटात दुसरी अशा सामावलेल्या असाव्यात, त्यांनी एकमेकींना छेदू नये, असा हा आग्रह आहे.

न्यू मेक्सिकोच्या व्हिपटेलपुढे हा नियम ठेवला की विलक्षण पेच उभा राहतो. त्याच्या मूळच्या दोन जाती एरवी एकमेकींपासून वेगळ्या राहतात, आणि या एका देहात मात्र दोघींची संपूर्ण जनुकसंपदा एकत्र येते. उदयनाचार्यांचा निकष जसाच्या तसा लावला, तर तो संकरज सरडा नव्हे, उलट ज्यांना आपण निःशंकपणे जाती म्हणत होतो त्या दोन मूळ जातीच जातिपणाला मुकतात आणि उपाधी ठरतात. नव्य नैयायिकांपैकी काहींनी संकर हा जातीला बाधक नाही असे पुढे म्हटले, त्यांच्यासमोर हे सरडे नव्हते हे खरे. परंतु वस्तूंची गुंतागुंत आपल्या वर्गीकरणाच्या सोयीसाठी कापून टाकू नये, हा त्यांचा कल येथे अधिक टिकाऊ ठरतो. आधुनिक जीवशास्त्राचीही याच ठिकाणी ओढाताण झाली. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली रूढ केलेल्या व्याख्येनुसार आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेला समुदाय म्हणजे जाती. पण जेथे आपसांत प्रजननच होत नाही, तेथे ही व्याख्या लावायची कशी? अनिषेकजनन करणाऱ्या सरड्यांना नावे देताना शास्त्रज्ञांना म्हणून उत्पत्तीचा इतिहास, गुणसूत्रांची रचना आणि बाह्य लक्षणे यांचा एकत्र आधार घ्यावा लागतो. जाती ही निसर्गात तयार सापडणारी वस्तू आहे की माणसाच्या बुद्धीने भेदांवर घातलेली मर्यादा आहे, हा न्याय आणि बौद्ध यांच्यातील जुना वाद या सरड्यांनी मिटवलेला नाही. परंतु जाती शाश्वत आणि अमिश्र असतात हे मत धरून त्या वादात उतरणे मात्र त्यांनी अवघड करून ठेवले आहे.

यातून जन्मजातीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या परंपरेचे काय होते, हाही प्रश्न टाळता येत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी ज्या सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले, त्यातील वासेट्ठ सुत्तात बुद्ध असे प्रतिपादन करतात की गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, सरपटणारे प्राणी, मासे आणि पक्षी यांच्यात जन्मजात वेगवेगळी लक्षणे असतात, पण माणसामाणसांत तशी लक्षणे दिसत नाहीत, म्हणून माणसांतील भेद हे केवळ व्यवहाराचे आहेत. जन्मजात श्रेष्ठत्वाचे खंडन करणाऱ्या वज्रसूची या ग्रंथाच्या परंपरेने हाच युक्तिवाद पुढे नेला, आणि सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर यांनी तो मराठी अभंगांत आणला. या युक्तिवादात प्राण्यांच्या जाती स्थिर आहेत हे गृहीत आहे आणि मानवाला त्यांच्याहून वेगळे काढलेले आहे. प्राण्यांच्या जातीही जर मिश्रणातून जन्मत असतील तर हे वेगळे काढणे तेवढे ठाम राहत नाही. पण त्याने निष्कर्ष ढासळत नाही, उलट तो आणखी खोल जातो, कारण ज्या पशुसृष्टीचा दाखला घेऊन सनातनी पक्ष जन्मजातीला नैसर्गिक म्हणत होता तो दाखलाही त्याच्या हातून निघून जातो. महाभारताच्या वनपर्वात अजगराच्या रूपातील नहुषाला उत्तर देताना युधिष्ठिराने याहून नेमकी भूमिका घेतली आहे. सर्व वर्णांचा परस्परांत संकर झालेला असल्यामुळे मनुष्याची जाती परीक्षेने ठरवणे कठीण आहे, म्हणून शील हेच प्रधान मानावे, असे तो म्हणतो. संकर होऊ नये असा उपदेश तो करीत नाही. संकर झालेला आहे हे वास्तव तो स्वीकारतो आणि त्यातून ज्ञानाच्या मर्यादेचा निष्कर्ष काढतो. अर्जुनाने ज्याला भविष्यातील संकट म्हटले, त्याच्या थोरल्या भावाने तेच भूतकाळातील सत्य म्हणून आधीच सांगून ठेवले होते.

खानदेशच्या शेतात हे सत्य रोज उगवते. आज तेथे पिकणारा अमेरिकन वळणाचा कापूस मुळात दोन वेगळ्या जातींच्या गुणसूत्रांचे संच एकत्र येऊन झालेला आहे, आणि हे मीलन माणसाने केलेले नसून लक्षावधी वर्षांपूर्वी निसर्गात घडलेले आहे. सुरतेच्या संशोधन केंद्रातून १९७० साली बाहेर आलेल्या संकर-४ या वाणापासून संकरित बियाणे शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत संकराचे गुण फुटून निघतात, आणि व्हिपटेलने जे साधले ते कापसाला साधत नाही. केळीला मात्र ते साधले आहे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी त्रिगुणित आहे, तिच्यात बी धरत नाही, आणि मृगबाग असो वा कांदेबाग, लागवड कंदाने किंवा ऊतिसंवर्धित रोपाने होते व पुढची पिलबाग आईच्याच बुडातून उठते. हा सारखेपणा बाजाराला सोयीचा असला तरी त्याची किंमत जगाने मोजली आहे: विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक व्यापारावर राज्य करणारा ग्रो मिशेल हा वाण पनामा रोगापुढे हटला, कारण एका झाडाला जे रोगाने मारले तेच सर्व झाडांना मारणार होते. केवळ माद्यांच्या सरडाजातीही उत्क्रांतीच्या मापाने बहुधा अल्पायुषी असतात, असे मानण्यामागे हेच कारण आहे. दोषांची साफसफाई करणारी देवाणघेवाण त्यांच्यात उरलेली नसते.

भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा जो अभ्यास हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या सहभागाने २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष या सरड्याच्या कथेशी थक्क व्हावे इतका जुळतो. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील दोन प्राचीन लोकसमूहांचे व्यापक मिश्रण झाले, त्यातून वरची मानली जाणारी जातही सुटली नाही आणि दूरच्या आदिवासी जमातीही सुटल्या नाहीत, आणि त्यानंतर समूह आपापल्या आत विवाह करू लागून बंदिस्त झाले. संकर आधी आणि सोवळे नंतर, हाच क्रम येथेही आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या १९३६ च्या निबंधात दे. रा. भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेऊन शुद्ध रक्ताचा दावा निराधार असल्याचे म्हटले होते. त्याला आता पेशीतील पुरावा मिळाला आहे. बंद समूहांत काही आनुवंशिक रोगांचे प्रमाण वाढलेले आढळते, हेही नंतरच्या अभ्यासांनी दाखवले.

कुळाच्या शुद्धतेचा हाच प्रश्न खानदेशाशी नाते असलेल्या एका संतकथेतही उभा राहतो. बोदवडच्या उत्तरेला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे, आणि त्याच परिसरात मेहूण व कोथळी ही मुक्ताबाईची स्थाने आहेत. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची मुले, म्हणजे मुक्ताबाई आणि तिची भावंडे, धर्मशास्त्राच्या कोणत्याच घरात बसत नव्हती, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या पंडितांपुढे उभे राहावे लागले. ज्याच्या दीर्घायुष्याच्या आणि योगसामर्थ्याच्या कथा साऱ्या महाराष्ट्रात सांगितल्या जातात त्या चांगदेवाने, कुळाचा दाखला नसलेल्या या कुमारिकेला गुरू केले. पैठणच्या सभेचे निकष आणि चांगदेवाचा निकष यांत जे अंतर आहे, तेच मनूचा दहावा अध्याय आणि युधिष्ठिराचे उत्तर यांच्यातले अंतर होय, आणि वारकरी पंथाने चांगदेवाची बाजू घेतली म्हणूनच मुक्ताबाईची पालखी आजही खानदेशातून पंढरपूरला जाते.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. सरडा संकरातून जन्मला म्हणून माणसाने संकर करावा, असे म्हणणे जितके चुकीचे तितकेच, गाय गाईलाच जन्म देते म्हणून माणसाने जातीतच लग्न करावे, हे म्हणणेही चुकीचे आहे. निसर्गात काय आहे यावरून काय असावे हे निघत नाही. शिवाय कोणी असेही म्हणेल की व्हिपटेलची बंदिस्तीसुद्धा नैसर्गिकच आहे, मग मिश्रणानंतर बंदिस्त झालेल्या जातींना दोष का द्यावा? उत्तर असे की व्हिपटेलची बंदिस्ती अंडे तयार होण्याच्या क्रियेत आहे, तीत निवड नाही, आज्ञा नाही आणि शिक्षा नाही. त्यातही ती अभेद्य नाही: तीन संच असलेल्या एका मादीजातीचे दुसऱ्या जातीच्या नराशी मीलन होऊन प्रयोगशाळेत चार संचांची नवी मादीजाती निर्माण झाली, आणि २०१४ साली तिला स्वतंत्र नावही मिळाले. माणसाची बंदिस्ती मात्र पेशीत नाही. ती विवाहाच्या वाटाघाटींत, जातपंचायतीच्या दंडात आणि वाळीत टाकण्याच्या धमकीत आहे, म्हणूनच ती धर्माधर्माच्या निर्णयाच्या कक्षेत येते, आणि म्हणूनच सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.